गयाबाईची जागा

आमच्या करंजदरीच्या लेण्यातला प्रतिध्वनी इतका आळशी आहे, की चैत्रात घातलेली हाक आषाढात परत येते. माझ्या धाकट्या मेहुण्यानं एकदा तिथं शिंक दिली. ती परत आली तेव्हा आत त्याचा नातू उभा होता, आणि सर्दीचं औषध त्या पोराला द्यावं लागलं.

लेणं बघायला येणाऱ्यांना मी हे सांगतो. विश्वास कुणी ठेवत नाही, पण चहा पाजतात. पुढची हकिकत मात्र त्यातली नाही. हिच्यात जे थापेसारखं वाटेल, तेच नेमकं घडलेलं आहे.

आधी लेणं. डोंगराच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी कमान, आत दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. छताला खाचा आहेत. त्यांत एके काळी लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या, त्या कधीच कुजून गेल्या. खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणाऱ्यांची नावं: हा खांब माळ्याचे दान, हा अत्तर विकणाऱ्याचे दान, हा एका भिक्खुणीचे दान. राजाचं नाव शोधूनही सापडत नाही. हे सांगताना माझी छाती आपोआप पुढे येते, थाप मारायची गरजच पडत नाही.

मधली कित्येक शतकं तिथं वटवाघळं आणि शेळ्या नांदल्या. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर फावडी घेऊन वर गेले नि लेणं साफ केलं. तेव्हापासून दर पौर्णिमेला गाव तिथं वंदनेला बसतं, आणि ज्याच्या त्याच्या जागेवरच बसतं. पहिल्या दिवशी ज्याचा आजा जिथं टेकला, तिथंच त्या घरचं माणूस. ते माणूस वारलं, की घरातलं दुसरं कुणी बसेपर्यंत जागा रिकामी. परक्यानं तिथं बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं. या जागांवरून आमच्याकडं ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात. माझी जागा तिसऱ्या खांबाला टेकून. वंदना मी डोळे मिटून ऐकतो. मी घोरतो असं जे म्हणतात, ते मागच्या रांगेतले मत्सरी लोक.

पुंजाराम ओव्हाळ मात्र आत कधी बसलाच नाही. ‘ओव्हाळ साउंड सर्व्हिस’चा मालक तो. वंदना असो, जयंती असो, लग्न असो, पुंजाराम बाहेर, वायरी आणि अॅम्प्लिफायरपाशी. आतली ओव्हाळांची जागा त्याच्या बायकोनं, गयाबाईनं सांभाळली. पुढे आवाजाचा नवा कायदा आला, कर्णे बंद झाले, मिरवणुका कानातल्या बटणात गेल्या. आता चौदा एप्रिलला रस्त्यावर माणसं नाचताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. परक्याला वाटावं, गावाला मुंग्या चावल्यात. पुंजारामचे कर्णे गोठ्यात टांगलेले, चिमण्यांनी त्यांत घरटी केली. त्यातच मागच्या हिवाळ्यात गयाबाई गेली. तिच्या जागेवर कुणी बसलं नाही. पुंजारामला विचारलं, तर म्हणायचा, “मला वायरी सोडून बसायची सवय न्हाई.” वायरी तर कधीच गुंडाळून ठेवलेल्या.

अशा वेळी त्याची लेक उत्पला बिनड्रायव्हरच्या एसटीतून यंत्रांच्या पेट्या घेऊन उतरली. पुण्याच्या एका वारसा प्रकल्पात ती ध्वनीची इंजिनिअर.

“नाना, आपलं लेणं आम्ही जसंच्या तसं उचलणार,” ती मला म्हणाली.

“उचलून ठेवणार कुठं?”

“दगड इथंच राहणार. पण कोलंबोत, हनोईत, क्योटोत माणूस एका गोल खोलीत शिरेल आणि करंजदरीत उभा असेल. दिसेल हेच, आणि तो बोलला तर लेणं त्याला इथल्यासारखंच उत्तर देईल.”

“आणि शिंकला तर?”

“तर नातवाला औषध,” ती म्हणाली. माझ्याच गोष्टींवर वाढलेली पोर.

तिचं यंत्र एक सूर काढायचं. म्हशीच्या हंबरण्यापासून निघून डासाच्या गुणगुणीपर्यंत चढत जाणारा. त्यानं भिंती थरथरतात. किती, तर केसाच्या जाडीचे हजारो भाग करा, त्यातला एखादा. ती थरथर लेझरचा किरण टिपतो. कुठला खांब कुठला सूर परत देतो, कुठली खाच कुठला गिळते, हे एकदा कळलं, की जगातला कुठलाही आवाज त्या हिशेबातून गाळून घेता येतो. तो करंजदरीत उमटल्यासारखा ऐकू येतो. मात्र मोजताना आत चिटपाखरू नको. कुणी खोकलं, की दिवस वाया. म्हणून उत्पलानं लेणं बंद केलं, आणि वैशाखी पौर्णिमा त्यातच आली. गावानं वंदना खाली शाळेच्या मैदानात केली. कुणी भांडलं नाही. आमचं गाव भांडत नाही, लक्षात ठेवतं.

दुसरं यंत्र जमिनीचं. दगड घासला गेला, की ताजा भाग उघडा पडतो आणि त्यावर हवेतल्या ओलीनं एक पातळ साय धरू लागते. शतकं जातील तशी ती जाड होते. त्यामुळं कुठली झीज जुनी आणि कुठली कालची, हे ओळखता येतं. उत्पलानं मला पडद्यावर लेण्याची जमीन दाखवली. जाड सायीची झीज निळी. ती स्तुपाभोवती आणि खांबांच्या मागून फिरत गेलेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पावलांची वाट. मधला सगळा भाग मात्र केशरी ठिपक्यांनी भरलेला. प्रत्येक ठिपका एका माणसाच्या बैठकीएवढा.

“हा काशिनाथ,” मी बोट ठेवलं. “बसल्या बसल्या पुढं सरकतो, म्हणून लांबुडका. ही विठाबाई. आणि हा तिसऱ्या खांबावर डोक्याएवढा डाग कसला?”

“खोबरेल, नाना. इतक्या वर्षांचं. यंत्रानं त्याला नाव दिलंय, अर्वाचीन प्रदूषण.”

“मला?”

“तुमच्या डोक्याला.”

मग ती स्वतःच एका ठिपक्यापाशी थांबली. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा खोल होती. उजवा गुडघा दुखायचा म्हणून गयाबाई सगळा भार डाव्या अंगावर टाकून बसायची. उत्पलानं चित्र मोठं केलं, आणि बराच वेळ लहान केलं नाही.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. मृणाल इनामदार. कडक बाई, पण सरळ. त्यांचा नियम एकच होता, की पुरावा असेल तेच घालायचं आणि लेण्याच्या मूळ काळाचंच ठेवायचं. त्या पडद्यावरून उत्पलाला म्हणाल्या, “पातळ सायीचा थर काढून टाक. मी तुमच्या लोकांना कमी लेखत नाहीये. पण कालची झीज ठेवायची, तर त्याच नियमानं शेळ्यांची पण ठेवावी लागेल.”

उत्पलाला ते लागलं. पण नियम तिलाही पटलेला होता, आणि हे काम नीट उतरलं तर पुढच्या मोठ्या लेण्याची प्रमुख तीच होणार होती. तिनं थर काढून बाजूला ठेवला. पडद्यावरची जमीन निळी, नितळ झाली.

त्या दुपारी मी ओव्हाळांकडं जेवायला होतो. उत्पलानं लपवलं नाही.

“आबा, जमीन स्वच्छ केली आज. वरचा थर काढला.”

“वरचा म्हंजी?”

“आपल्या गावाच्या बसण्याचा.”

पुंजारामनं घास खाली ठेवला. “तुझी आई त्यात हुती?”

“होती.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. “फार जुनी नव्हती तुझी आई.”

आणि त्यानं ताटात हात धुतला.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं माझ्या मारफत चाललं. दोघं एकाच ओट्यावर, हाताच्या अंतरावर, आणि पुंजाराम मला सांगायचा, “नाना, तिला म्हणावं चहा झालाय.” ती म्हणायची, “नाना, त्यांना म्हणावं, साखर कमी आहे.” मी मधल्या मधे दोन कप प्यालो. पण गंमत पहिल्या दिवशीच संपली. पोर रात्री जेवेना, बाप दिवसा घरी थांबेना.

पावसाळा सरता सरता पुण्याला चाचणी ठरली. उत्पलानं मलाही नेलं. गोल खोलीत पाय ठेवला आणि मी चप्पल काढली, इतकं ते आमचं लेणं होतं. खांब, खाचा, स्तुपाच्या कडेवरचा तो टवकासुद्धा. काढलेली चप्पल शोधायला मी हात लांब केला, तर तो डॉ. इनामदारांच्या पायाला लागला.

तिथं श्रीलंकेचे एक वृद्ध भन्ते आले होते. पुण्यात राहून मराठी शिकलेले. त्यांनी हात जोडले आणि वंदना म्हणायला सुरुवात केली. आवाज गंभीर, सुरेख. पण पहिल्या ओळीच्या अंगावर दुसरी चढली, दुसरीच्या खांद्यावर तिसरी, आणि थोड्या वेळानं बाजारच्या दिवशीच्या एसटीत व्हावी तशी शब्दांची गत झाली. कुणाचा पाय कुणाच्या खाली, कळेना.

भन्ते थांबले. घुमणं त्यांच्या नंतरही चालूच राहिलं. ते संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि हसून म्हणाले, “सुंदर आहे. पण हे लेणं कुणाचं ऐकत नाही. एकटंच बोलतं.”

एका तंत्रज्ञानं सुचवलं, की घुमणं थोडं कमी करू, एका बटणाचं काम आहे.

“बटण नाही,” डॉ. इनामदार म्हणाल्या. “आज घुमणं कमी केलंत, तर उद्या खांब जास्त कराल. छताला लाकूड होतं तेव्हा त्यानं आवाज शोषला असणार. पण ते किती जाड होतं, कसं कोरलेलं, याचा पुरावा आपल्याकडं नाही. नाही तर नाही.”

उत्पला जमिनीकडं बघत उभी होती. त्या निळ्या, नितळ जमिनीकडं.

“मॅडम, आमच्या वंदनेतला शब्द न् शब्द कळतो,” ती म्हणाली. “लहानपणापासून ऐकलाय. लाकूड गेल्यावर आवाज शोषायचं काम माणसांनी केलं. रिकाम्या दगडावर आवाज चेंडूसारखा उडत राहतो. मांडी घालून बसलेल्या माणसांच्या अंगात, लुगड्यात, सदऱ्यात तो जिरतो. मी लेणं रिकामं करून मोजलं. मला काम स्वच्छ हवं होतं. तिथंच चुकलं.”

“माणसं बसत होती याचा पुरावा?”

“तुम्ही काढायला सांगितलात तो थर. मी पुसलेला नाही, ठेवलाय.”

डॉ. इनामदारांनी तो थर परत लावायला सांगून निरखून पाहिला. मग म्हणाल्या, “जाड साय हा पुरावा, तर पातळ साय हाही पुरावाच. माझा नियम मलाच पाळला पाहिजे. भरलेलं लेणं मोज. पण ज्या झिजेवर ज्या घरचं माणूस, त्याच घरचं हवं. एक जागा रिकामी राहिली किंवा चुकली, तरी मी सही करणार नाही.”

आम्ही परत आलो. उत्पलानं गावाला विहारात बोलावलं आणि हात जोडून सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग काशिनाथ उठला. “वैशाखी पौर्णिमेला आम्ही खाली मैदानात, आणि आता गरज पडली म्हणून वर या? आम्ही काय मांडववाल्याच्या खुर्च्या आहोत का, मांडल्या की बसल्या?” त्याच्यामागं सगळे उठले. पुंजाराम दारात उभा होता. तोही निघून गेला. मला निरोपसुद्धा न देता.

उत्पला सतरंजीच्या कडा सरळ करत बसली. “त्यांचं बरोबरच आहे, नाना.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “म्हणून तर त्यांना ‘तुमचं बरोबर’ असं सांगून उपयोग नाही. सकाळी यंत्र लावून ठेव.”

संध्याकाळी मी काठी घेतली आणि दारोदार फिरलो. काशिनाथकडं गेलो. “तू येणार नाहीस हे उत्तम,” म्हटलं. “विठाबाईचा जावई विचारत होता, काशिनाथमामाची जागा ऐसपैस आहे, उद्या तिथं बसू का.” विठाबाईकडं जाऊन म्हटलं, “काशिनाथच्या सुना तुझ्या जागेवर चटई टाकणार आहेत म्हणे, चटई आजच आणलीय, हिरवी.” हिरवी म्हटल्यावर माणसाला खरं वाटतं. असं करत करत सगळं गाव झालं. एका घरी तर मी मुद्दाम काहीच बोललो नाही, नुसता उसासा टाकला. ते लोक सगळ्यांत आधी पोचले.

दिवस उगवायच्या आत लेणं भरलेलं होतं. प्रत्येकजण आपल्या जागेवर घट्ट मांडी ठोकून, शेजाऱ्याकडं संशयानं बघत. जागा कुणाचीच गेलेली नाही हे हळूहळू ध्यानात आलं, तशी एकेक नजर फिरत फिरत तिसऱ्या खांबाकडं आली. मी डोळे मिटले होते.

“बसलोयच आता,” विठाबाई म्हणाली, “तर मोज बाई, काय मोजायचं ते.”

उत्पलानं पडदा बघितला. सगळे केशरी ठिपके भरलेले. एक सोडून. डाव्या रांगेतला, एका अंगाला खोल असलेला. तिथं ती स्वतः बसू शकत नव्हती, यंत्र तिलाच चालवायचं होतं. लेण्यात सगळ्यांना ते दिसलं.

ती बाहेर आली. पुंजाराम कमानीखाली, नेहमीच्या ठिकाणी उभा होता. पायापाशी वायर नव्हती, अॅम्प्लिफायर नव्हता, तरी तिथंच. माझी जागा कमानीपासून जवळ, त्यामुळं डोळे मिटलेले असूनही सगळं ऐकू आलं, आणि फटीतून दिसलंही.

“आबा, एक जागा रिकामी आहे.”

तो माझ्या दिशेला बघून म्हणाला, “नाना, तिला सांगा, मला आत जागा न्हाई.”

“नाना झोपलेत,” उत्पला म्हणाली. “तुम्हीच सांगा मला.”

तो तिच्याकडं वळला आणि म्हणाला, “ती आत ऐकायची आन् घरी येऊन मला सांगायची, आज आवाज कसा लागला ते. मी आत कशाला येऊ? मी आत आलो तर बाहेर कोण?”

“बाहेर मी आहे ना. वायरी माझ्याकडं आहेत.”

पुंजाराम चपला काढून आत आला. रांगेतून वाट देताना काशिनाथनं गुडघे आवरले. गयाबाईच्या जागेपाशी तो थांबला, वाकून दगडावर हात फिरवला, आणि बसला. आधी सरळ बसला. मग हळूच सगळा भार डाव्या अंगावर घेतला. दगडानंच त्याला तसं बसवलं असावं.

यंत्राचा सूर म्हशीपासून डासापर्यंत चढला. आख्ख्या गावानं श्वास धरला होता. एरवी भाषणातसुद्धा न थांबणारे आमचे खोकले थांबले. मोजणी झाली. मग कुणी न सांगता वंदना सुरू झाली, आणि प्रत्येक शब्द सुटा, धुतल्यासारखा, स्तुपापर्यंत जाऊन परत आला. उत्पला कानाला काही न लावता कमानीखाली उभी होती. तिच्या बापाच्या ठिकाणी.

डॉ. इनामदारांनी सही केली. सही करून फोनवर म्हणाल्या, “आणखी एक नियम राहिला, उत्पला. या लेण्यात ज्यानं काही दिलं, त्याचं नाव कोरलेलं आहे. तुमच्या लोकांनी दिलंय. आपल्या लेण्यात काही खांब कोरे आहेत. मूळ दगडाला हात लावायचा नाही, पण प्रकाशाच्या खांबावर अक्षरं चालतील. सायीचा थर मात्र पातळ दाखव, अक्षरं आजचीच आहेत हे कळू दे.”

पुढच्या पौर्णिमेला लेणं एकदम कुठं कुठं उघडलं, कोलंबोत, हनोईत, क्योटोत, आणि आमच्या विहारातही, तिथं खोलीऐवजी चष्म्यातून. आता तिकडचे लोक रोज आमच्यात येऊन बसतात. एकदा मी इथून चष्मा लावून पाहिलं. क्योटोची एक आजीबाई आत आली. आमच्या माणसांच्या छाया मांडी घालून बसलेल्या तिला दिसल्या. ती एकेका जागेला वळसा घालून, कुणाच्या ताटाला पाय लागू नये तशी, मोकळा कोपरा शोधून बसली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. राजे-महाराजे आले आणि गेले, पण शिस्त अजून करंजदरीचीच चालते, हे मी आता क्योटोपर्यंत सांगतो, आणि लोक विश्वास ठेवतात. थोडी पंचाईतच झालीय.

तिसऱ्या खांबावर ब्राह्मीत एक ओळ आहे: गोष्टी सांगणाऱ्याच्या डोक्याचे दान. हनोईचे लोक त्या डागाला नमस्कार करतात. मी त्यांना थांबवत नाही.

पुंजाराम चष्मा लावायला तयार नव्हता. शेवटी उत्पलानंच तो त्याच्या डोळ्यांवर चढवला, त्याला हाताला धरून आत नेलं, डाव्या रांगेतल्या खांबापुढं उभं केलं आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवलं: करंजदरीच्या कर्णेवाल्या पुंजारामाने आपल्या पत्नी गयेच्या नावे दिलेले हे आसन.

त्यानं त्या अक्षरांवरून एकदा स्वतःही बोट फिरवलं.

“अॅम्प्लिफायर पण माझाच हुता,” तो म्हणाला. “इतकी वर्षं. ते न्हाई लिवलं.”

“दोन हजार वर्षं टिकायचंय, आबा,” उत्पला म्हणाली. “थोडक्यात लिहावं लागतं.”

पुंजारामनं मान डोलवली, आणि त्या अक्षरांखाली, आपल्या जागेवर, डाव्या अंगाला रेलून बसला.